इंजिनाची झीज कोणाच्या वहीत?

२०२५ साली पावसाने मे महिन्यातच महाराष्ट्र गाठला. ज्यांची मशागत उरकली होती ते सुटले, ज्यांची राहिली होती त्यांची धांदल उडाली. आमची राहिली होती. जूनमध्ये वाफसा झाल्याबरोबर रोटाव्हेटर जोडला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरने दम टाकला. ओढ कमी, सायलेन्सरमधून निळसर धूर, ब्रीदरच्या नळीतून भाता फुंकावा तशी वाफ. डीपस्टिक काढून पाहिली, तर दोन दिवसांपूर्वी भरलेले ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. मिस्त्री आला. त्याने इंजिन चालू ठेवूनच ऑइल टाकायचे झाकण उघडले, वर तळवा धरला आणि म्हणाला, "दादा, इंजिन उतरवावं लागतंय."

आम्ही विचारले, "किती लागतील?"

"पस्तीसेक हजारांत बसेल."

अकरा दिवसांनी ट्रॅक्टर घरी आला तेव्हा बिल झाले होते ६४,५०० रुपये.

या अंकाचा अग्रलेख त्या बिलावर लिहायचा ठरवला तो आमचे रडगाणे गाण्यासाठी नव्हे. असे बिल जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या घरी आज ना उद्या येणार आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, जे भाड्याने नांगरून घेतात, त्यांच्याही खिशातून ते जाणार आहे, फक्त त्यांना ते वेगळे दिसणार नाही. बिल आले की आपण नशिबाला बोल लावतो. "यंदा ट्रॅक्टरने दगा दिला," असे म्हणतो. आमचे म्हणणे असे की ट्रॅक्टरने दगा दिलेला नसतो. आपण जो खर्च पाच-सात वर्षे रोज करत होतो आणि कुठेच लिहीत नव्हतो, तो एका दिवशी एकरकमी वसूल होतो. हा उत्पादनखर्च आहे, अपघात नव्हे. आणि जो खर्च आपणच लिहीत नाही, तो दुसरा कोणी आपल्या भावात धरेल ही आशा खोटी आहे.

बिल उलगडून पाहू

चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपासचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर. मीटरवर पाच हजार तास. बिल असे:

लायनर, पिस्टन व रिंगांचे तीन संच – १५,६०० रुपये
मेन व बिग एंड बेअरिंग – ४,२०० रुपये
गॅस्केट संच व ऑइल सील – ३,३०० रुपये
हेडचे व्हॉल्व व गाइड – ३,६०० रुपये
ऑइल पंप – २,९०० रुपये
वॉटर पंपाचे सामान, होस, फिल्टर – २,७०० रुपये
लेथवाल्याचे काम (क्रँक घासणे, लायनर बसवणे, व्हॉल्वच्या सीट) – ५,८०० रुपये
डिझेल पंप व नोझल – ८,५०० रुपये
इंजिन ऑइल व कूलंट – ३,४०० रुपये
मिस्त्रीची मजुरी – १२,००० रुपये
टोचन करून नेणे-आणणे – २,५०० रुपये
एकूण – ६४,५०० रुपये

हे एका ट्रॅक्टरचे, एका गावचे बिल आहे. याला कोणी जिल्ह्याची सरासरी समजू नये. कोणाचे कमी येईल, कोणाचे जास्त. पण आकडे ओळीने मांडले की काही गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली गोष्ट ही, की गावात ज्याला आपण "मिस्त्रीने कापलं" म्हणतो त्या मिस्त्रीच्या हाती बिलाचा पाचवा हिस्सासुद्धा पडलेला नाही. त्याने आणि त्याच्या दोन पोरांनी आठ दिवस ऑइलमध्ये हात घालून काम केले. बहुतेक मिस्त्रीही शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. वाट्याला दीड-दोन एकर आले, त्यात भागेना, म्हणून पाना हातात धरला. त्यांच्यात लबाड नसतात असे नाही. पण बिल मोठे झाले की पहिला संशय गावातल्या गरिबावर घेण्याची आपली सवय बरी नव्हे.

दुसरी गोष्ट, पस्तीस हजारांचे चौसष्ट हजार कसे झाले? इंजिन खोलल्यावर दिसले की क्रँकवर चरे पडलेले आहेत. तो घासून एक साइज कमी करावा लागला, म्हणजे बेअरिंगही त्याच मापाची घ्यावी लागली. ऑइल पंपाचे गिअर झिजलेले होते. जुन्या ऑइल पंपावर नवे बेअरिंग टाकणे म्हणजे पुन्हा तेच काम वाढून ठेवणे. एक नोझल नीट फवारत नव्हता, थेंब टाकत होता. हे थेंब लायनरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढतात. नोझल तसाच ठेवला असता तर नवे पिस्टनही लवकर गेले असते. म्हणजे चौसष्ट हजार हा आकडा फुगवलेला नव्हता. खोटा होता तो पस्तीस हजारांचा आकडा. बंद इंजिनाकडे पाहून मिस्त्रीने तो सांगितला आणि गरजवंत म्हणून आम्ही तो मानून घेतला.

बिलाबाहेरचे बिल

गॅरेजचे बिल ६४,५०० रुपयांवर थांबले, आमचा खर्च थांबला नाही. पेरणी कोणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर गॅरेजला असताना दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून मशागत आणि पेरणी केली, त्याचे १४,००० रुपये गेले. हातात तेवढी रक्कम नव्हती. ५०,००० रुपये शेकडा तीन रुपये महिना दराने उचलले, ते सहा महिन्यांनी फिटले, व्याज झाले ९,००० रुपये. राहिलेले पैसे कुठून आले? खतासाठी ठेवलेल्यातून. म्हणजे त्या हंगामात पिकाच्या तोंडचा घास काढून तो इंजिनाला भरवला.

सगळे मिळून ८७,५०० रुपये झाले. खताच्या मात्रेला उशीर झाल्याने पिकाचे किती गेले ते यात धरलेले नाही.

आता हेच पिकात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने नुसत्या गॅरेजच्या बिलापोटी बारा क्विंटल सोयाबीन गेले. एकरी सहा क्विंटल पिकले असे धरले तर दोन एकरांचे सगळे पीक गेले. बियाणे, खत, फवारणी, काढणी हे सगळे फुकट झाले असते तरच दोन एकरांत ते इंजिन उभे राहिले असते. आणि हमीभाव कागदावर असतो, काट्यावर काय मिळतो ते आम्ही सांगायला नको.

दिसत नाही म्हणून नाही असे नव्हे

बैलजोडी होती तेव्हा हिशेब उघडा होता. वैरण रोज दिसायची, पेंड रोज दिसायची, बैल थकला तेही दिसायचे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून घरात बोलणे सुरू व्हायचे की आता गोऱ्हा तयार केला पाहिजे. इंजिनाचे तसे नाही. डिझेल दिसते, कारण ते रोज पैसे मोजून आणावे लागते. झीज दिसत नाही.

झीज होते कशी तेही समजून घेऊ, कारण ती निम्मीअधिक आपल्या हातात आहे. अडीच लिटरचे इंजिन पूर्ण वेगाने चालले की तासाला लाखभर लिटरहून जास्त हवा ओढते. ही हवा कसली? रोटाव्हेटरमागे उडणाऱ्या फुफाट्याची. माती म्हणजे बारीक वाळूचे कण, लोखंडावर घासले की पॉलिश पेपरसारखे काम करतात. त्या हवेत आणि पिस्टनमध्ये उभा असतो तो फक्त एअर क्लीनर. त्याच्या वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले, पुढच्या होसची क्लिप ढिली झाली किंवा होसला चीर गेली, की धूळ सरळ लायनरमध्ये जाते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. लायनर झिजला की दाब निसटतो, दाब निसटला की सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही, ओढ कमी होते, डिझेल वाढते, ऑइल जळू लागते. ही सगळी लक्षणे सहा-आठ महिने आधीपासून दिसत असतात. आपण काय करतो? ऑइल भरत राहतो.

आमची चूक आम्ही लपवत नाही. आमच्या ट्रॅक्टरची होसची क्लिप गेली होती आणि तिच्या जागी तारेचा पिळा मारलेला होता. क्लिप मिळते वीस-तीस रुपयांना. तारेचा पिळा किती महागात पडला ते वर लिहिले आहे. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आमच्यासाठीच असावी.

जुन्या लोकांना आठवत असेल, विहिरीवर डिझेल इंजिने होती तो काळ. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे ती इंजिने गावोगावच्या विहिरींवर धडधडू लागली. एक सिलिंडर, मंद गती, गावातला फिटर बांधावर बसून ते खोलायचा आणि मालक शेजारी उकिडवा बसून बघायचा. काय झिजले ते मालकाला कळायचे. ट्रॅक्टर आल्यावर काम गॅरेजच्या शटरमागे गेले आणि आपण बघणे सोडले. यंत्र मोठे झाले, पण आपली त्याच्याशी असलेली ओळख मात्र कमी झाली.

अर्ध्या कामाची किंमत

आणखी एक कबुली. हे इंजिन पहिल्यांदा खोलले ते पाच हजार तासांवर नव्हे. त्याआधी आठशे तासांवर, म्हणजे बेचाळीसशेच्या सुमाराला, ऑइल खाऊ लागले तेव्हाही मिस्त्रीला बोलावले होते. त्याने तेव्हा दोन आकडे सांगितले. सगळे काम करायचे तर इतके, आणि नुसत्या रिंगा व वरची पॅकिंग बदलायची तर ११,००० रुपये. उसाचे पैसे यायचे होते. आम्ही अकरा हजारांचे काम घेतले. एक हंगाम ट्रॅक्टर बरा चालला, दुसऱ्या हंगामात पुन्हा तेच सुरू झाले.

कारण सोपे आहे. लायनर झिजतो तो सारखा झिजत नाही. वरच्या भागात जास्त झिजतो आणि गोलाचा अंडाकार होतो. अंडाकार भोकात नवी गोल रिंग टाकली तर ती सगळीकडून टेकणार कशी? अकरा हजार रुपये अक्षरशः धुरात गेले. नुसत्या रिंगा कधीच टाकू नयेत असे आम्ही म्हणत नाही. लायनरचे माप मर्यादेत असेल तर ते काम योग्यच आहे. पण माप घेतले होते का? नव्हते घेतले. मिस्त्रीने बोट फिरवून पाहिले आणि आम्ही मान हलवली. बोटाला जाणवत नाही अशी झीज बोअर गेजला कळते. तालुक्याच्या लेथवाल्याकडे ते असते आणि माप घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

किती झीज चालते आणि किती चालत नाही, हे काही गुपित नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणीची संस्था आहे. तिथे चाचणी झाल्यावर इंजिन खोलून सिलिंडर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग मोजतात आणि प्रत्येक मापाशेजारी, यापुढे हा भाग टाकून द्यावा, अशी कंपनीने ठरवलेली मर्यादा लिहितात. म्हणजे सरकारला ठाऊक आहे, कंपनीला ठाऊक आहे. ज्याचे पैसे जातात त्या मालकालाच तेवढे ठाऊक नसते. आपल्या मॉडेलचे हे आकडे मिळवून गॅरेजच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

गरिबाला अर्धे काम परवडते असे वाटते. खरे तर अर्धे काम फक्त श्रीमंतालाच परवडते, कारण तो ते दोनदा करू शकतो.

सरकारचा हात कोणाच्या खिशात?

आता बिलातला जो वाटेकरी कधी गॅरेजला आला नाही, ज्याने पाना उचलला नाही, त्याच्याकडे वळू.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के कर बसला. पिस्टन, लायनर, रिंगा, व्हॉल्व अशा इंजिनाच्या भागांवर मात्र २८ टक्के. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला बारा आणि जुना जगवणाऱ्याला अठ्ठावीस, असा हा न्याय आठ वर्षांहून जास्त काळ चालला. आमच्या बिलातले लायनर-पिस्टनचे संच आणि व्हॉल्व मिळून १९,२०० रुपये होतात. त्यात मालाची किंमत १५,००० रुपये आणि कर ४,२०० रुपये. ट्रॅक्टरच्याच दराने कर असता तर १,८०० रुपये झाला असता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. ट्रॅक्टरवरचा कर ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि बरेच सुटे भागही ५ टक्क्यांत आले. ही चांगली गोष्ट झाली, चांगल्याला चांगले म्हणण्यात आमचे काही जात नाही. पण इंजिनाच्या पोटातले पिस्टन, लायनर, रिंगा आणि व्हॉल्व २८ वरून उतरले ते १८ टक्क्यांवर येऊन थांबले. दुरुस्तीच्या मजुरीवर, गॅरेज नोंदणीकृत असेल तर, तेही १८ टक्केच. त्याच १५,००० रुपयांच्या मालावर आजच्या दराने २,७०० रुपये कर पडतो. ट्रॅक्टरच्या दराने तो ७५० रुपये पडला असता. बाराला अठ्ठावीसचे जे होते ते आता पाचाला अठरा झाले. दोन्ही आकडे खाली आले, पण दुरुस्तीवर जास्त आणि खरेदीवर कमी हा उलटा हिशेब कायम राहिला.

कारखानदाराने यंत्र दुरुस्त केले तर भरलेला कर तो आपल्या मालावरच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. तो जीएसटीच्या नोंदणीतच नाही, म्हणून भरलेल्या करातला एक पैसाही त्याला परत मिळत नाही. वर बोलायला मोकळे, की शेतकऱ्याला करमाफी आहे! शेतकरी कर भरत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभे राहून पाहावे.

आम्ही सवलत मागत नाही. नव्या ट्रॅक्टरला जो न्याय, तोच जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला लावा, एवढेच म्हणतो.

बँकेच्या कागदातले वीस टक्के

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की कर्ज देणारे दारात येतात. तोच ट्रॅक्टर बंद पडला की कोणी ओळख देत नाही. मग सावकार, नाही तर सोने. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी याच कामासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या आणि दोन दसरे गेले तरी सुटल्या नाहीत. ट्रॅक्टर त्याच्या नावावर, हप्ते त्याच्या नावावर, आणि इंजिनाचे तारण मात्र तिच्या हातातून निघाले.

किसान क्रेडिट कार्डाची २०१२ ची सुधारित योजना आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे? कर्जमर्यादा कशी काढायची ते तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. पिकाच्या एकरी दराप्रमाणे जी रक्कम निघेल तिच्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, आणि शेतीच्या साधनांची दुरुस्ती व देखभाल यांसाठी २० टक्के. म्हणजे पिकापोटी एक लाख रुपये मर्यादा निघत असेल तर दुरुस्तीपोटी वीस हजार वेगळे धरायचे आहेत. ते तुमच्या मर्यादेत धरले आहेत का? सोसायटीच्या सचिवाला, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला विचारा. "आमच्याकडे तसं नसतं," असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. वीस हजारांत इंजिन होत नाही हे खरे. पण सावकाराकडे पन्नासऐवजी तीस हजार उचलले असते तर शेकडा तीनच्या दराने सहा महिन्यांत ३,६०० रुपये व्याज वाचले असते. बँकेला त्यातले फार तर सात-आठशे द्यावे लागले असते.

आपल्या वहीत आधी लिहा

सरकारला आणि बँकेला बोलून झाले. आता आपल्याकडे.

६४,५०० रुपयांना पाच हजार तासांनी भागा. तासाला तेरा रुपयांच्या आत-बाहेर येते. ही इंजिनाची तासाची झीज. तेरा रुपये म्हणजे काहीच नव्हे, चहाचा कप. पण हे तेरा रुपये आम्ही पाच हजार तासांत एकदाही बाजूला काढले नाहीत. शेजाऱ्याचे रान रोटरून दिले तेव्हा डिझेल धरले, ड्रायव्हरची मजुरी धरली, उरले तो नफा समजून घरात खर्च केला. तो नफा नव्हता. आम्ही लायनरचे लोखंड थोडे थोडे करून विकत होतो.

गावोगावी भाड्याच्या दरावरून ट्रॅक्टरवाल्यांची जी चढाओढ चालते ती याच अज्ञानातून. एकाने दर पन्नासने पाडला की दुसरा शंभराने पाडतो. दोघेही डिझेलच्या वर जे मिळेल ते कमाई समजतात. दोन-तीन वर्षांनी दोघांची इंजिने एकाच गॅरेजच्या दारात उभी असतात. ज्यांचे रान स्वस्तात नांगरले गेले त्यांचाही यात फायदा झाला असे समजू नका. ऐन पेरणीत गावातले दोन ट्रॅक्टर बंद पडले की तिसरा म्हणेल तो भाव द्यावा लागतो.

आणि हमीभावाच्या वेळी काय होते? कृषिमूल्य आयोग खर्च काढतो तेव्हा यंत्राच्या कामाला आणि अवजारांच्या घसाऱ्याला त्या हिशेबात जागा आहे. पण ती जागा भरायला कोणी तरी शेतकऱ्याला विचारायला येतो. त्याने विचारले, "ट्रॅक्टरवर काय खर्च?" तर आपण डिझेलचा आकडा सांगतो, कारण तेवढाच पाठ असतो. भाव पाडण्यात सरकारचा हात आहे हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या कामात आपली रिकामी वहीसुद्धा त्यांना मदत करते, हे आज सांगितले पाहिजे.

बैठकीपुढे चार गोष्टी

येत्या जिल्हा बैठकीत भाषणांआधी या चार गोष्टींवर बोलावे आणि ठरवावे, अशी आमची सूचना आहे.

एक. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने मीटरचे तास वहीत लिहावेत आणि तासाला निदान पंधरा रुपये वेगळे काढावेत. स्वतःच्या रानात चालला तरी काढावेत. भाड्याचा दर ठरवताना गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकत्र बसून झीज धरूनच दर ठरवावा. टायर, क्लच, गिअरबॉक्स यांचाही हिशेब पुढे असाच मांडावा लागेल. सुरुवात इंजिनापासून करू.

दोन. इंजिनाचे काम दोन टप्प्यांत ठरवावे. आधी खोलणे आणि माप घेणे, त्याची मजुरी वेगळी. मापे कागदावर आल्यावर, काय बदलायचे, कोणत्या मापाचे, कोणत्या बनावटीचे आणि किती रुपयांचे, हे लेखी. मगच पुढचे काम. जुने भाग परत मागावेत, सामानाचे खोके आणि बिल जपून ठेवावे. बिल मागितले की "कर वाढेल" असे सांगतात. बिल नसले की नकली माल निघाल्यावर तोंड उघडता येत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण तक्रारीला कागद लागतो. चांगला मिस्त्री या पद्धतीला विरोध करणार नाही. उलट उधारी आणि घासाघीस यांतून तोही सुटेल.

तीन. इंजिनाच्या सुट्या भागांवरचा आणि शेतीयंत्रांच्या दुरुस्तीवरचा कर ट्रॅक्टरच्या बरोबरीने ५ टक्के करावा, असा ठराव करून तो खासदारांकडे आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे पाठवावा. ठरावासोबत भाषणे नकोत, बिले जोडा. पाचपन्नास खरी बिले पाच हजारांच्या मोर्च्याइतके काम करतात.

चार. प्रत्येक तालुक्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी बँकेत जाऊन दुरुस्तीच्या २० टक्क्यांबाबत लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे.

दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. घरातली लहान पोरे स्टिअरिंगवर बसतात. तो सण तसाच राहो. फक्त त्या दिवशी माळ घालण्याआधी एअर क्लीनरची वाटी उघडून पाहा, होसची क्लिप हाताने ओढून पाहा आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहा. ज्या घरी मागच्या दसऱ्याचा आकडा लिहिलेला असेल, त्यांना वर्षाची झीज वजाबाकी करून लगेच कळेल. तेवढे पैसे डब्यात आहेत का, ते त्याच वेळी घरातल्या बाईसमोर मोजा. पाटल्या तिच्या जाणार असतात, तेव्हा हिशेबही तिला ठाऊक असला पाहिजे.

बिलांच्या नकला बैठकीला घेऊन या. आमची आम्ही आणतोच आहोत, तारेच्या पिळ्यासकट.